घाना प्रीमियर लीग २०१९-२० : रद्द झालेला हंगाम आणि विजेतेपदाचा प्रश्न

मैदानवेडा

३० जून २०२० रोजी घाना फुटबॉल असोसिएशनच्या कार्यकारी मंडळाने २०१९-२० चा हंगाम रद्द केला. विजेता जाहीर झाला नाही, कोणाची पदावनती झाली नाही आणि खालच्या श्रेणीतून कोणी वर आले नाही. त्या वेळी गुणतालिकेत अडुआना स्टार्स हा संघ पहिल्या क्रमांकावर होता. आयव्हरी कोस्टच्या सीमेजवळच्या डोर्मा अहेनक्रो या गावचा हा संघ असून, डोर्माच्या पारंपरिक राजांचा त्याला आश्रय आहे. २०१० आणि २०१७ अशी दोन विजेतेपदे त्याने आधी मिळवली होती. तिसऱ्याची शक्यता कागदावर तरी सर्वांत जास्त त्याचीच होती, आणि एका बैठकीत ती संपली.

कोरोनाच्या महासाथीमुळे थांबलेल्या साखळी स्पर्धांबद्दल आपल्याकडे युरोपच्या अनुषंगाने पुष्कळ लिहिले गेले. पश्चिम आफ्रिकेबद्दल मराठीत मला जवळजवळ काहीच आढळले नाही, म्हणून हा धागा. घानाची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे महासाथ एका धडधाकट स्पर्धेवर आली नव्हती. ती नुकत्याच अंथरुणातून उठलेल्या स्पर्धेवर आली होती.

त्यासाठी २०१८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जून महिन्यात शोधपत्रकार अनस अरेमेयाव अनस यांच्या चमूने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण लोकांसमोर आले. पंच पैसे घेताना दिसले, पदाधिकारी दिसले आणि खुद्द संघटनेचे अध्यक्ष क्वेसी न्यान्ताक्यी हेही दिसले. न्यान्ताक्यी यांनी राजीनामा दिला, पुढे फिफाने त्यांच्यावर बंदी घातली, आणि चालू असलेला साखळी हंगाम अर्धवट सोडून द्यावा लागला. चित्रीकरण करणाऱ्या चमूतील एक पत्रकार, अहमद हुसेन-सुआले, यांची जानेवारी २०१९ मध्ये आक्रा शहरात गोळ्या घालून हत्या झाली. फुटबॉलमधील भ्रष्टाचार हा तिथे केवळ खेळाच्या पानावरचा विषय नव्हता, हे त्यावरून कळावे.

फिफाने नेमलेल्या, कोफी अमोआ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढचे वर्षभर कारभार पाहिला. नियमित साखळीऐवजी २०१९ मध्ये एक विशेष स्पर्धा घेण्यात आली व ती कुमासीच्या असांते कोटोकोने जिंकली. ऑक्टोबर २०१९ मध्ये कर्ट ओक्राकू अध्यक्षपदी निवडून आले आणि अवघ्या दोन महिन्यांत, डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, अठरा संघांची प्रीमियर लीग सुरू झाली. मूळ संघ सोळा होते. ग्रेट ऑलिंपिक्स आणि किंग फैसल या दोन क्लबांचे जुने वाद मिटवण्यासाठी संख्या अठरा करण्यात आली. मुख्य प्रायोजक नव्हता. मात्र स्टारटाइम्स या दूरचित्रवाणी कंपनीशी पाच वर्षांसाठी ५२.५ लाख डॉलरचा प्रक्षेपण करार झाला होता आणि लोक मैदानाकडे परत येऊ लागले होते. २६ जानेवारी २०२० रोजी आक्रा येथे हार्ट्स ऑफ ओक आणि कोटोको यांचा सामना झाला, तो कोटोकोने अखेरच्या क्षणांतील पेनल्टीवर २-१ असा जिंकला. देशातील सर्वांत मोठी मानली जाणारी ही लढत नियमित साखळीत पुन्हा होणे, हाच लोकांच्या दृष्टीने साखळी जिवंत झाल्याचा पुरावा होता.

१२ मार्च रोजी घानात पहिले दोन रुग्ण सापडले. १५ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-आडो यांनी सार्वजनिक जमावावर बंदी घातली आणि खेळ थांबला. तोपर्यंत चौतीसपैकी पंधरा फेऱ्या झाल्या होत्या.

माझे मत मी आधीच मांडतो. हंगाम रद्द करणे योग्यच होते. पण तो रद्द केल्यानंतर आफ्रिकी स्पर्धांसाठी संघ ज्या पद्धतीने ठरवले गेले, त्यात अडुआनावर अन्याय झाला. चॅम्पियन्स लीगसाठी कोटोको आणि कॉन्फेडरेशन कपसाठी ओबुआसीचा अशांती गोल्ड, म्हणजे २०१९ च्या विशेष स्पर्धेवरून आदल्या वर्षी गेलेले दोन्ही संघच पुन्हा पाठवले गेले. पंधरा फेऱ्यांना विजेता ठरवण्याइतकी किंमत नसेल, हे मला मान्य आहे. पण त्यांना काहीच किंमत नाही, हे मान्य करणे मला जड जाते. या विषयात रस असलेल्यांनी जरूर लिहावे.

आकडेमोड

मैदानवेडा, धागा उत्तम आहे. तुमच्या शेवटच्या मुद्द्याबद्दल मात्र मी वेगळे म्हणेन.

अठरा संघांच्या साखळीत प्रत्येक संघ उरलेल्या सतराही संघांशी एकदा खेळायला सतरा फेऱ्या लागतात. पंधरा फेऱ्यांनंतर हे एक आवर्तनही पुरे झालेले नव्हते. प्रत्येक संघाचे दोन-तीन प्रतिस्पर्धी अजून समोर यायचे होते. शिवाय कोणाचे अवघड सामने घरच्या मैदानावर झालेले होते आणि कोणाचे बाहेर व्हायचे होते, हे निव्वळ वेळापत्रकाच्या योगायोगावर अवलंबून होते. पश्चिम आफ्रिकेतील साखळ्यांमध्ये हा योगायोग फार मोठा ठरतो, कारण तिथे पाहुण्या संघाचे जिंकणे दुर्मीळ असते. लांबचा रस्त्याचा प्रवास, वेगळ्या प्रकारची मैदाने, स्थानिक प्रेक्षकांचा दबाव आणि पंचांवर येणारा ताण अशी त्याची अनेक कारणे आहेत. अशा साखळीत अर्ध्याहून कमी सामन्यांची गुणतालिका ही संघांच्या ताकदीबरोबरच वेळापत्रकाचीही तालिका असते.

त्यामुळे अग्रस्थानाला विजेतेपदासाठी किंमत नाही पण आफ्रिकी स्पर्धेसाठी आहे, ही भूमिका मला टिकणारी वाटत नाही. तालिका विश्वासार्ह असेल तर दोन्हींसाठी असेल, आणि नसेल तर दोन्हींसाठी नसेल.

सासष्टीकर

याच काळातले भारतातले उदाहरण शेजारी ठेवून पाहिले तर आकडेमोड यांचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. आपली आय-लीग मार्च २०२० मध्ये थांबली तेव्हा मोहन बागान सोळा सामन्यांतून ३९ गुणांवर होता. दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा सोळा गुणांनी पुढे, आणि उरलेले सामने फक्त चार. तिथे विजेता घोषित करताना कोणावरही अन्याय झाला नाही, कारण उरलेले सगळे सामने हरूनही बागान पहिलाच राहिला असता. पदावनती मात्र त्या वर्षी झाली नाही. अडुआनाच्या पाठीमागे बेरेकुम चेल्सी, मेडिआमा आणि इतर अनेक संघ दोन-चार गुणांच्या अंतरावर होते. दोन्ही परिस्थितींना एकच मोजमाप लावता येणार नाही.

आमच्या गोव्यात तर तिसराच तोडगा निघाला. गोवा प्रोफेशनल लीगचा तो हंगामही थांबला आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा व चर्चिल ब्रदर्स यांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. त्यावर गोव्यातही मतभेद होते. तरी खेळाडूंच्या नावापुढे काहीतरी लागले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फुटबॉलपटूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची असते, आणि त्यातले एक वर्ष कोठेच नोंदले जाऊ नये ही लहान गोष्ट नव्हे.

घानाशी गोव्याचे आणि मुंबईचे जुने नातेही आहे. घानाच्या युसिफ याकुबूला मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून आणि गोव्यात चर्चिलकडून खेळताना पाहिलेली आमची एक पिढी आहे. त्यामुळे तिथल्या साखळीचे काय झाले, हा आमच्यासाठी परका विषय नाही.

मैदानवेडा

सासष्टीकर, याकुबूची आठवण करून दिल्याबद्दल आभार. याच हंगामाशी थेट जोडलेला आणखी एक दुवा आहे. घानाच्या राष्ट्रीय संघाकडून सर्वाधिक गोल करणारा असामोआ ग्यान २०१९-२० मध्ये आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळला होता. तिथून तो मायदेशी परतला आणि पुढच्या, २०२०-२१ च्या हंगामासाठी आक्राच्या लिगॉन सिटीज या क्लबकडे गेला. दुखापतींमुळे तो फारसा खेळू शकला नाही. पण रद्द झालेल्या हंगामानंतर लोकांचे लक्ष देशांतर्गत साखळीकडे वळवण्यात त्याच्या येण्याचा वाटा नक्कीच होता.

आकडेमोड, तुमच्या तर्कातले बळ मला मान्य आहे. तरीही माझा प्रश्न उरतो. पंधरा फेऱ्यांची तालिका अपुरी म्हणून बाजूला ठेवली, तर तिच्या जागी जी कसोटी लावली ती तिच्याहून अधिक पुरेशी होती का? २०१९ ची विशेष स्पर्धा म्हणजे काही पूर्ण साखळी नव्हती. म्हणजे एका अपुऱ्या पुराव्याऐवजी त्याहून जुना आणि तितकाच अपुरा पुरावा वापरला गेला. मला खटकते ते हे.

टेमावासी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे टेमा येथे राहतो. आक्राच्या पूर्वेला असलेले हे बंदराचे शहर आहे. चर्चा गुणतालिकेभोवती फिरते आहे, ती थोडी क्लबांच्या अर्थव्यवहाराकडे वळवावी असे वाटते, कारण हंगाम पुढे ढकलून नंतर पुरा का केला नाही याचे उत्तर मुख्यतः तिथे आहे.

इथल्या क्लबांचे उत्पन्न तीन वाटांनी येते. पहिली वाट तिकिटांची. दुसरी मालकाच्या किंवा आश्रयदात्याच्या खिशाची. तिसरी आणि सर्वांत मोठी आशा म्हणजे एखादा तरुण खेळाडू परदेशी क्लबाला विकणे. प्रक्षेपण करार चांगला असला तरी वर्षाला सुमारे साडेदहा लाख डॉलर म्हणजे, सगळी रक्कम केवळ अठरा क्लबांमध्ये वाटली असे धरले तरी, एका क्लबाच्या वाट्याला साठ हजारांहून कमी डॉलर येतात. त्यात पंचवीस-तीस खेळाडूंचा ताफा, प्रशिक्षक आणि देशभरचा प्रवास भागत नाही.

महासाथीने या तिन्ही वाटा एकाच वेळी बंद केल्या. प्रेक्षक नाहीत म्हणून तिकिटे नाहीत. आश्रयदात्यांचे स्वतःचे व्यवसाय थंडावले. २२ मार्चला देशाच्या सीमा बंद झाल्या आणि आक्राच्या कोटोका विमानतळावरची नियमित आंतरराष्ट्रीय वाहतूक थेट १ सप्टेंबरला सुरू झाली. म्हणजे खेळाडू हेरणारे लोक येऊ शकत नव्हते, आणि चाचणीसाठी बोलावलेला खेळाडू जाऊही शकत नव्हता. युरोपातल्या मोठ्या साखळ्यांनी रिकाम्या मैदानांवर सामने खेळवले, कारण त्यांचा पैसा दूरचित्रवाणीवरून येतो. सामना झाला की हप्ता मिळतो. इथे रिकाम्या मैदानावर सामना खेळवणे म्हणजे खर्च पूर्ण आणि उत्पन्न शून्य. त्यावर चाचण्या, विलगीकरणाची व्यवस्था आणि वैद्यकीय खर्च वेगळा. आक्रा आणि कुमासी या दोन महानगरांतली टाळेबंदी २० एप्रिललाच उठली होती, तरी जूनअखेरीस खेळाडूंचा एकमेकांशी संपर्क येणाऱ्या खेळांवरचे निर्बंध कायम होते. सराव कधी सुरू करता येईल याची तारीख कोणाकडेही नव्हती, आणि तोवर खेळाडूंना पगार देत राहा असे अठरा क्लबांना सांगणे असोसिएशनला शक्य नव्हते.

फिफाने एप्रिल २०२० मध्ये प्रत्येक सदस्य संघटनेला पाच लाख डॉलर तातडीने दिले आणि पुढे मदतीची मोठी योजनाही आली. तो पैसा उपयोगाचा होता यात शंका नाही. परंतु तो क्लब जगवण्यापुरता होता, हंगाम पुन्हा उभा करण्यापुरता नव्हता.

पेठेतला_स्टॉपर

टेमावासी, तुमच्या प्रतिसादामुळे चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. एक विचारायचे होते. खेळाडूंचे त्या सहा-सात महिन्यांत काय झाले? आमच्या कोल्हापुरातही २०२० चा हंगाम मार्चमध्ये थांबला. आमच्या पेठांच्या संघांकडून खेळायला नायजेरिया, घाना अशा देशांतून मुले येत असतात, त्यामुळे सामने बंद झाल्यावर सामन्यागणिक कमावणाऱ्या परदेशी खेळाडूची काय अवस्था होते, याची आम्हाला कल्पना आहे. तिथे अव्वल श्रेणीच्या खेळाडूचीही तशीच अवस्था झाली का?

टेमावासी

पेठेतला_स्टॉपर, थोडक्यात सांगायचे तर मूळ पगार लहान असतो आणि विजयाच्या मानधनावर खेळाडूचे घर चालते. सामना नाही तर मानधन नाही. अनेक ठिकाणी मूळ पगारातही कपात झाली किंवा तो उशिरा मिळाला.

याहून कमी बोलली गेलेली गोष्ट वयाची आहे. या साखळीत अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूसाठी एक हंगाम म्हणजे स्वतःला दाखवण्याची एक संधी. इंटर अलाईजचा व्हिक्टोरियन अडेबायोर हा नायजर देशाचा आघाडीपटू त्या हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता. अडुआनाचा अनुभवी याहाया मोहम्मदही त्याच पंक्तीत होता. अडेबायोर नंतर पुढे गेला, त्याला मोठे क्लब मिळाले. पण ज्यांचा सूर फेब्रुवारीत नुकता लागत होता आणि ज्यांचे नाव अजून कोणाला ठाऊक झाले नव्हते, अशा मुलांची गणती कोणी ठेवली नाही. व्होल्टा नदीकाठच्या सोगाकोपे येथील वाफा क्लबाचा सगळा डोलारा अशाच मुलांवर उभा आहे. त्याच्या खालच्या पातळीवर, ज्याला इथे कोल्ट्स फुटबॉल म्हणतात त्या गल्लीबोळांतल्या मुलांच्या साखळ्यांत, खंड आणखी जाणवला.

आकडेमोड

शेजारच्या देशांनी काय केले ते इथे नोंदवतो, म्हणजे मैदानवेडा यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मदत होईल.

नायजेरियात वीस संघ आणि अडतीस फेऱ्या होत्या. मार्चमध्ये खेळ थांबला तेव्हा बहुतेक संघांचे सुमारे पंचवीस सामने झाले होते, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश. तिथे दर सामन्यामागच्या गुणांची सरासरी काढून क्रम ठरवला गेला. जोस शहराचा प्लॅटो युनायटेड पहिला राहिला, आणि विजेतेपदाचा मान नसला तरी चॅम्पियन्स लीगची जागा त्याला मिळाली. दुसरी जागा आबा शहराच्या एनयिंबाला गेली. आफ्रिकी स्पर्धेत खेळत असल्यामुळे त्यांचे देशांतर्गत सामने इतरांपेक्षा कमी झाले होते, आणि सरासरीने त्यांना एकूण गुणांत पुढे असलेल्या संघांच्या वर नेले. यावर तिथे बरीच नाराजी झाली. सरासरीच्या पद्धतीत हाच दोष आहे. न खेळलेले सामने खेळलेल्या सामन्यांसारखेच झाले असते असे ती गृहीत धरते, आणि ज्याचे सामने अधिक उरले आहेत त्याला या गृहीतकाचा लाभ अधिक मिळतो.

आयव्हरी कोस्टने सरळ अग्रस्थानावरच्या रेसिंग क्लब आबिजानला विजेता घोषित केले, आणि त्या क्लबाचे ते पहिलेच विजेतेपद ठरले. टोगोत आस्को कारा विजेता ठरला. सेनेगलने हंगाम सोडून दिला, पण तालिकेत अग्रस्थानी असलेल्या रुफिस्कच्या तेउंगेथला चॅम्पियन्स लीगसाठी पाठवले. त्या संघाने पुढे मोरोक्कोच्या राजा कासाब्लांकाला बाहेर काढून सर्वांना चकित केले.

एकाच किनारपट्टीवर, एकाच महिन्यात थांबलेल्या स्पर्धांना इतकी वेगवेगळी उत्तरे मिळाली. याचे कारण मला असे दिसते की अपुऱ्या हंगामाचे काय करायचे, हे हंगामाआधी फारसे कोणी लिहून ठेवले नव्हते. निर्णय घेताना प्रत्येक मंडळाला ठाऊक होते की कोणत्या निर्णयाने कोणता क्लब वर जाईल. घानासारख्या ठिकाणी, जिथे दोनच वर्षांपूर्वी पदाधिकाऱ्यांवरचा विश्वास पूर्ण उडाला होता, तिथे कोणालाही विजेता न करणे हाच सर्वांत कमी संशयाचा मार्ग असावा. माझ्या मते ओक्राकू यांच्या मंडळाने हे ओळखले.

मैदानवेडा

सेनेगलच्या उदाहरणाबद्दल तुमचे विशेष आभार, कारण ते माझ्या बाजूने जाते. विजेतेपद न देताही अग्रस्थानाची कदर करता येते, हे त्यांनी दाखवले. घानाने तोच मार्ग अडुआनासाठी धरला असता तर विजेत्यांच्या यादीत २०२० ची ओळ कोरी राहिली असती, आणि तरी तीन महिन्यांची मेहनत वाया गेली नसती. डोर्मासारख्या लहान ठिकाणच्या क्लबासाठी चॅम्पियन्स लीगमधली एक फेरीसुद्धा पुढची दोन-तीन वर्षे बदलू शकते, कारण तिथे खेळाडू दिसतात आणि विकले जातात. कोटोकोला ती जागा मिळाली नसती तरी कोटोको हा कोटोकोच राहिला असता. १९३५ पासूनचा क्लब आहे, अशांती राजाचे छत्र आहे आणि देशभर पाठीराखे आहेत.

संशयाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटते. मात्र मोठ्या क्लबाला जागा देण्यात संशयाला वाव राहत नाही, असे म्हणता येईल का? छोट्या गावांतल्या पाठीराख्यांच्या मनात हा प्रश्न आला असेल, तर तो त्यांचा हक्कच आहे.

सासष्टीकर

कोटोकोच्या त्या मोहिमेचा शेवटही महासाथीनेच केला, हे इथे नोंदवायला हवे. मॉरिटानियाच्या नुआदिबूला हरवून ते सुदानच्या अल-हिलालसमोर आले. आक्रातला पहिला सामना त्यांनी ०-१ असा गमावला. जानेवारी २०२१ मध्ये परतीच्या सामन्यासाठी ते ओमदुर्मानला पोहोचले, तेव्हा त्यांच्या अनेक खेळाडूंच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या आणि सामन्यासाठी पुरेसे खेळाडूच उरले नाहीत. सामना झाला नाही, अल-हिलालला विजयी घोषित केले गेले आणि कोटोको बाहेर पडले.

म्हणजे घरी हंगाम पूर्ण न होता मिळालेली जागा परदेशात सामना पूर्ण न होता गेली. दोन्ही वेळा खेळाडूंच्या हातात काही नव्हते. आमच्याकडे त्याच काळात, नोव्हेंबर २०२० पासून, संपूर्ण इंडियन सुपर लीग फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर प्रेक्षकांविना, बंदिस्त व्यवस्थेत पार पडली. ते शक्य झाले ते त्यामागे असलेल्या पैशामुळे. टेमावासी यांनी जो हिशेब मांडला आहे तो वाचल्यावर या दोन साखळ्यांतले अंतर मला आधीपेक्षा जास्त कळले.

टेमावासी

पुढच्या हंगामाबद्दल थोडे. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी फुटबॉल पुन्हा सुरू होण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबर २०२० च्या मध्यावर साखळी सुरू झाली. प्रेक्षकांची संख्या मर्यादित ठेवली होती. कुमासीचे बाबा यारा स्टेडियम दुरुस्तीसाठी बंद असल्याने कोटोकोला घरचे सामने दुसऱ्या शहरात खेळावे लागले, आणि प्रेक्षक मर्यादित असताना ही अडचण दुप्पट होती.

या सगळ्यातून हार्ट्स ऑफ ओक २००९ नंतर प्रथमच विजेता झाला. जुलै २०२१ मध्ये आक्रात जो जल्लोष झाला तो केवळ बारा वर्षांच्या प्रतीक्षेचा नव्हता. २०१७ नंतर, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी, देशाला नियमित साखळीतून आलेला विजेता मिळाला होता. हार्ट्सच्या विरोधातल्या लोकांनीही त्या दिवशी हंगाम पूर्ण झाल्याचे समाधान बोलून दाखवले होते.

त्याच हंगामात लिबर्टी प्रोफेशनल्सची पदावनती झाली. मायकेल एसिएन आणि असामोआ ग्यान यांना घडवणारा हा क्लब. इंटर अलाईजही खाली गेला. २०२० मध्ये पदावनती रद्द झाल्यामुळे काही क्लबांना एक वर्ष जास्त मिळाले खरे, पण उत्पन्नाच्या वाटा वर्षभर बंद राहिल्याची किंमत दुबळ्या क्लबांनी पुढच्या वर्षी मोजली, असे माझे निरीक्षण आहे. मोठे क्लब कर्ज काढू शकतात, पाठीराख्यांकडे हात पसरू शकतात. खेळाडू विकून जगणाऱ्या क्लबांकडे विकायला कोणी उरले नाही की ते मैदानावरही कमकुवत होतात.

नीलांबरी

एवढी सविस्तर चर्चा झाली, पण महिलांच्या साखळीचा उल्लेख अजून कोणी केला नाही. ३० जूनच्या त्याच निर्णयाने महिला प्रीमियर लीगचा हंगामही रद्द झाला. उत्तर आणि दक्षिण अशा दोन विभागांतली ती साखळी २०२० च्या सुरुवातीलाच सुरू झाली होती, म्हणजे पुरुषांच्या पंधरा फेऱ्यांच्या तुलनेत तिथे तर जेमतेम सुरुवात होती. तिकिटांचे उत्पन्न नाही, खेळाडू विकण्याचा बाजार अगदी लहान, आणि आश्रयदातेही थोडे. टेमावासी यांनी सांगितलेल्या तिन्ही वाटा इथे आधीपासूनच अरुंद होत्या. फिफाच्या त्या मोठ्या मदत योजनेतली वेगळी पाच लाख डॉलरची रक्कम प्रत्येक देशात महिला फुटबॉलसाठी राखून ठेवली होती, आणि तशी अट नसती तर तो पैसा महिला क्लबांपर्यंत पोहोचला असता असे मला वाटत नाही.

पुढच्या हंगामात सेकोंडीचा हासाकास लेडीज हा संघ विजेता झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये इजिप्तमध्ये झालेल्या आफ्रिकेच्या पहिल्याच महिला चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सकडून ०-२ अशी हार पत्करली. त्यांची एव्हलिन बाडू त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारी ठरली, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिलाच मिळाला. रद्द झालेल्या हंगामानंतर वर्ष-दीड वर्षात आफ्रिकेच्या क्लब स्पर्धांमध्ये घानाची सर्वांत मोठी कामगिरी महिलांच्या संघाने केली.

मैदानवेडा, तुमच्या मूळ प्रश्नाला यातून एक उपप्रश्न जोडते. अग्रस्थानाची कदर व्हावी हे तत्त्व मान्य केले, तर दोन विभागांत विभागलेल्या, जेमतेम सुरू झालेल्या महिला साखळीत ते कसे लावायचे?

मैदानवेडा

नीलांबरी, महिलांच्या साखळीचा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. तुमच्या उपप्रश्नाला माझे उत्तर असे की तिथे ते तत्त्व लावता येणार नाही. किमान एक आवर्तन, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळणे, हा त्यासाठी उंबरठा मानावा लागेल. आणि तो उंबरठा मानला की पुरुषांच्या पंधरा फेऱ्याही दोन फेऱ्यांनी कमी पडतात, हे मला दिसते आहे. तरी पंधरा फेऱ्यांची तालिका आणि आदल्या वर्षीची विशेष स्पर्धा यांतून एकच निवडायची असेल, तर मी अजूनही पंधरा फेऱ्याच निवडेन, कारण त्या तरी त्याच वर्षीच्या, त्याच खेळाडूंच्या आणि अठराही संघांनी खेळलेल्या होत्या.